गोगलगायीच्या विषाचे मोल

डिसेंबर 2004 च्या अखेरच्या आठवड्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेदनेवरच्या दोन औषधांना परवानगी दिली. एक प्रेगाबालिन, दुसरे झिकोनोटाइड. पहिले औषध मराठी घरांना नावाने नसले तरी रूपाने चांगले ठाऊक आहे. मधुमेहामुळे तळपायांची आग होणाऱ्या किंवा मणक्यात नस दबलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर मिथाइलकोबालमिनच्या जोडीने जी 'नसांची गोळी' लिहिलेली असते, ती बहुधा हीच. दुसऱ्याचे नाव मात्र वेदनाशमनात विशेष रस असलेल्या डॉक्टरांच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. गंमत अशी, की दोन्ही औषधे चेतापेशीच्या एकाच यंत्रणेला, म्हणजे कॅल्शियमची ये-जा सांभाळणाऱ्या आयन वाहिनीला, हात घालतात. फक्त वाटा वेगळ्या.

झिकोनोटाइडच्या मागे ज्यांचे नाव येते ते बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हे 1941 साली जन्मलेले फिलिपिनो जीवरसायनशास्त्रज्ञ, पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात दीर्घकाळ रमलेले. एखाद्या वैज्ञानिकाच्या कामाचा प्रभाव किती, हा प्रश्न आज निधी देणारी प्रत्येक समिती विचारते. त्याचे उत्तर रुग्णांच्या संख्येत शोधायचे ठरवले तर ऑलिव्हेरा यांचे पारडे हलके ठरेल आणि प्रेगाबालिनचे इतके जड, की तुलनाच हास्यास्पद वाटावी. हा हिशेब योग्य आहे का, हे तपासायला ही दोन औषधे सोयीची आहेत.

ऑलिव्हेरा गोगलगायींकडे वळले ते नाइलाजाने. कॅलिफोर्नियात पीएच. डी. आणि स्टॅनफर्डला पुढचे संशोधन करताना त्यांनी डीएनए लायगेज या विकराच्या शोधात भाग घेतला होता. आजच्या जनुकीय तंत्रज्ञानाचा पायाच ज्यावर उभा आहे, त्यातला हा एक घटक. मनिलाला परतल्यावर मात्र ते काम पुढे नेण्याइतकी उपकरणे तिथे नव्हती. महागडी यंत्रे नसताना करता येईल असे काही हवे होते. लहानपणापासून शंख-शिंपले गोळा करायची आवड होती आणि फिलिपाइन्सच्या समुद्रात शंकूच्या आकाराची विषारी गोगलगाय, 'कोनस', मुबलक. तिच्यातली एक जात, कोनस जिओग्राफस, माणसालाही मारू शकते. मग तिच्या विषातला नेमका कोणता घटक मारतो, हे लुर्देस क्रूझ या सहकारी जीवरसायनतज्ज्ञासह शोधायचे ठरले. उत्तर मिळाले तेव्हा ते थोडे निराशाजनकच होते. तो घटक नागाच्या किंवा मण्यारीच्या विषातल्या ओळखीच्या रेणूंसारखाच स्नायूंवरच्या ग्राहींना अडवत होता. नवे काही नाही.

विषय तिथेच संपला असता. पण ऑलिव्हेरा पुढे युटाला गेले आणि तिथे क्रेग क्लार्क या पदवीच्या विद्यार्थ्याने एक वेगळीच कल्पना मांडली. विष उंदराच्या शरीरात टोचण्याऐवजी घटक वेगळे करून थेट मेंदूत टोचून पाहायचे. आणि उंदरांनी तऱ्हा दाखवायला सुरुवात केली. एका घटकाने उंदीर झोपी जात, दुसऱ्याने गोल गोल धावत, तिसऱ्याने थरथर कापत. मायकेल मॅकिन्टॉश हा शाळा नुकतीच संपलेला अठरा वर्षांचा मुलगा प्रयोगशाळेत आला आणि कोनस मेगस या जातीच्या विषातला थरथर आणणारा घटक त्याने शुद्ध करून वेगळा केला. पंचवीस अमिनो आम्लांची ती छोटी साखळी गंधकाच्या तीन पुलांनी घट्ट आवळलेली होती. तिचीच कारखान्यात बनवलेली हुबेहूब प्रत म्हणजे झिकोनोटाइड. हा मुलगा पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि युटातच प्राध्यापक.

इथे थोडे थांबायला हवे, कारण शरीरात टोचले तर काही नाही आणि मेंदूत टोचले तर थरथर, या एका विसंगतीतच सगळे महत्त्वाचे दडले आहे. चेतापेशीच्या टोकाला विद्युत संदेश पोहोचला की तिथल्या कॅल्शियम वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि त्या धक्क्याने रासायनिक संदेशवाहक बाहेर पडतो. ही वाहिनी बंद झाली की पुढचा स्नायू किंवा पुढची पेशी बहिरी होते. गोगलगाय चालण्यात मंद आणि मासा चपळ. डंख मारल्यावर मासा चार हात लांब गेला तर जेवण गेले. म्हणून तिने मासा जागीच लुळा पडेल असे रेणू उत्क्रांतीत घडवले. माशात आणि बेडकात स्नायूंना हुकूम देणाऱ्या टोकांवर जी कॅल्शियम वाहिनी असते, ती हे विष बंद करते. सस्तन प्राण्यांत मात्र ते काम वेगळ्याच प्रकारच्या वाहिनीकडे गेले आहे. माशात स्नायूंना हुकूम देणाऱ्या टोकांवरची ही वाहिनी, जिला शास्त्रज्ञ 'एन-प्रकार' म्हणतात, आपल्यात मेंदूत आणि मज्जारज्जूत सापडते. त्यातही वेदनेचे संदेश मज्जारज्जूत आणून सोडणाऱ्या तंतूंच्या टोकांवर ती भरपूर असते. म्हणजे जो रेणू माशाला लुळा करतो तो आपल्याला लुळा करत नाही, वेदना मात्र वाटेतच थांबवू शकतो. सुरुवातीला त्याचा उपयोग मेंदूला रक्त कमी पडल्यावर होणारी हानी रोखण्यासाठी करावा असे न्यूरेक्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीला वाटत होते. वेदनेचा रस्ता नंतर पक्का झाला.

हे सुंदर आहे, पण आता रुग्णाच्या बाजूने पाहू. झिकोनोटाइड गिळता येत नाही. शिरेतून दिले तर रक्तदाब खाली येतो आणि मज्जारज्जूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणून पोटाच्या कातडीखाली पंप बसवून, बारीक नळीने मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ते थेंबाथेंबाने सोडावे लागते. कर्करोग किंवा एड्सच्या असह्य वेदना असलेल्या 111 रुग्णांवरची चाचणी 2004 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वेदनेच्या मापात औषध घेणाऱ्यांना सरासरी 53 टक्के आराम पडला, तर नकली औषधाने 18 टक्के. आकडा मोठा आहे, पण त्यासोबत आलेले दुष्परिणामही मोठे होते. चक्कर, गोंधळलेपण, भास. 2006 साली 220 रुग्णांवर डोस अगदी हळूहळू वाढवून केलेल्या चाचणीत आराम 14.7 टक्के निघाला आणि नकली औषधाचा 7.2 टक्के. रुग्ण वेगळे होते, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवताना जपायला हवे. तरी सुरक्षित वेगाने दिले की फायदा आटत असावा, अशी शंका येते. औषधाच्या वेष्टणावर गंभीर मानसिक लक्षणांची ठळक सूचना आहे आणि ज्यांना पूर्वी सायकोसिस होऊन गेला त्यांना ते देऊ नये असे सांगितले जाते. बाजू मांडायची तर अफूजन्य औषधांसारखी सवय लागत नाही, श्वास मंदावत नाही, एकदम थांबवले तरी शरीर बंड करत नाही. पण हे फायदे मिळवायचे तर पाठीत नळी आणि पोटात पंप हवा. हा व्यवहार फार थोड्या रुग्णांना परवडतो, पैशांनीही आणि जिवानेही.

मग याच वाहिनीवर चालणारी एखादी तोंडाने घेता येईल अशी गोळी का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. प्रयत्न झाले. झेड-160 नावाच्या अशाच एका औषधाच्या दोन चाचण्या 2013 साली वेदनेत उपयोग दाखवू शकल्या नाहीत आणि कंपनीला तो कार्यक्रम सोडावा लागला. ज्या वाहिनीचा पत्ता गोगलगायीने दिला, तिथपर्यंत गोळीने पोहोचण्याचा मार्ग त्या पत्त्यातून निघाला नाही. ऑलिव्हेरा यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे टाळून पुढे जाऊ नये.

आता दुसरे पारडे. प्रेगाबालिनची कथा वैज्ञानिक विनोद म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रिचर्ड सिल्व्हरमन यांना मेंदूतले गाबा हे शांत करणारे रसायन वाढवायचे होते. ते बनवणाऱ्या विकराला चालना देईल असा रेणू त्यांनी सहकाऱ्यासह 1989 च्या सुमारास घडवला. रेणू चालला, पण त्या कारणाने नाही. तो खरे तर कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-2-डेल्टा या सहायक भागाला चिकटत होता. हा पत्ता 1996 साली त्याच्याच मोठ्या भावाच्या, गाबापेंटिनच्या, अभ्यासातून लागला. गाबापेंटिन त्या वेळी बाजारात येऊन तीन वर्षे झाली होती. 2006 मध्ये या सहायक भागातले एकच अमिनो आम्ल बदललेल्या उंदरांवर प्रेगाबालिनचा वेदनाशामक परिणाम होत नाही असे दिसले आणि शंका मिटली. म्हणजे एक औषध आधी ज्ञान आणि मग वापर या क्रमाने आले, दुसरे आधी वापर आणि मग ज्ञान या क्रमाने. आणि पैशाचे सांगायचे तर 2007 साली नॉर्थवेस्टर्नने आपल्या स्वामित्वधनाचा मोठा भाग 70 कोटी डॉलरना विकला.

हे पाहून मूलभूत संशोधनाचा कडवा टीकाकार म्हणेल, 'बघा, नेमकी वाहिनी माहीत नसतानाही लाखोंना औषध मिळाले, आणि जिथे नेमकी वाहिनी माहीत होती तिथे पंप बसवावा लागला.' या आक्षेपात तथ्य आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मधुमेही न्यूरोपॅथीच्या किंवा नागिणीनंतरच्या वेदनेत प्रेगाबालिन खरोखरच अनेकांना आधार देते.

पण आक्षेपातल्या 'लाखो' या शब्दाकडे नीट पाहायला हवे. गाबापेंटिनची मंजुरी नसलेल्या आजारांसाठी जाहिरात केल्याच्या प्रकरणात वॉर्नर-लँबर्ट या कंपनीने मे 2004 मध्ये गुन्हा कबूल करून 43 कोटी डॉलर भरले. 2017 साली सायटिकाच्या 209 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रेगाबालिनने पायातली कळ नकली गोळीपेक्षा लक्षणीय कमी केली नाही, चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनने एप्रिल 2019 पासून दुरुपयोगाच्या भीतीने प्रेगाबालिन आणि गाबापेंटिन ही दोन्ही औषधे नियंत्रित पदार्थांच्या यादीत टाकली. आपल्याकडे मणक्याच्या दुखण्यावर ही गोळी किती सहज लिहिली जाते, हे पाठदुखी असलेल्या कुणालाही विचारावे. किती रुग्णांनी घेतले, हा आकडा औषधाचे मूल्य थोडे मोजतो आणि विक्रेत्याची मेहनत बरीच मोजतो. वैज्ञानिकाच्या कामाला तो चिकटवणे दुहेरी अन्याय आहे, कारण सिल्व्हरमन यांना जाहिरातीचे श्रेय जाते आणि ऑलिव्हेरा यांना पंपाचा दोष.

मग ऑलिव्हेरा यांचा प्रभाव कुठे शोधायचा? आमच्या मते तो औषधाच्या दुकानात नसून दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यात रिचर्ड त्सिएन आणि सहकारी चेतापेशीतल्या कॅल्शियमच्या प्रवाहांचे तीन प्रकार वेगळे करत होते. विद्युत मोजमापाने दिसणारे हे फरक खरोखर वेगवेगळ्या वाहिन्यांचे आहेत की एकाच वाहिनीच्या वेगवेगळ्या अवस्था, हे ठरवायला काहीतरी हवे होते, जे एकीला अडवेल आणि दुसरीला सोडेल. ऑलिव्हेरा, क्रूझ आणि मॅकिन्टॉश यांनी 1984 साली जिओग्राफसमधला तसा पेप्टाइड वर्णन केला. त्याच वर्षी युटातल्याच डोजू योशिकामी यांच्या प्रयोगशाळेने हा पेप्टाइड चेतातंतूच्या टोकावरच संदेश थांबवतो हे बेडकात दाखवले. त्यानंतर मेंदूत कुठे कोणती वाहिनी संदेश सोडवते हे विचारण्याची पद्धतच बदलली. चिमूटभर विष टाका, काय बंद पडते ते पाहा. ज्या प्रयोगशाळांनी कधी गोगलगाय पाहिली नाही, तिथेही हा पेप्टाइड बाटलीतून पोहोचला.

याच पिशवीतून 1992 मध्ये एमव्हीआयआयसी हा आणखी एक पेप्टाइड निघाला, आणि त्याची गोष्ट सगळ्या वादात सर्वांत कमी सांगितली जाते. लॅम्बर्ट-ईटन नावाच्या दुर्मीळ आजारात शरीराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांकडून कॅल्शियम वाहिन्यांवर हल्ला होतो आणि मांड्यांपासून अशक्तपणा सुरू होतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत त्याच्या मागे फुप्फुसाचा लघुपेशी कर्करोग दडलेला असतो. या पेप्टाइडला किरणोत्सर्गी खूण लावून रक्तात ते प्रतिपिंड आहेत का हे तपासता येते आणि 1990 च्या दशकापासून ही तपासणी निदानात वापरली जाते. कर्करोग अजून छातीच्या चित्रात दिसत नसताना रक्ताच्या नळीत त्याची चाहूल लागू शकते. या रुग्णांची नोंद झिकोनोटाइडच्या खात्यावर कुठेही नाही.

अर्थात हत्यार घडवणाऱ्याचे मोलही फुगवता येते. एन-प्रकाराची वाहिनी आधी विद्युत मोजमापानेच दिसली होती, विषाने तिला पुरावा दिला. वाहिन्यांची जनुके ओळखता आल्यावर ती बंद-चालू करण्याचे इतर मार्गही आले. कोळी या कीटकभक्षकाच्या विषाने पी-प्रकार या दुसऱ्या कॅल्शियम वाहिनीबाबत तेच काम केले. त्यामुळे ऑलिव्हेरा नसते तर हे क्षेत्र अंधारात राहिले असते, असे म्हणणे भक्तिभावाचे झाले. ते नसते तर ते हळू आणि अधिक वादात पुढे गेले असते, इतके म्हणता येईल. विज्ञानात काही वर्षे वाचणे ही छोटी गोष्ट नसते.

श्रेयाचा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ही गोष्ट 'ऑलिव्हेरा यांची' म्हणून सांगितली जाते, कारण एका माणसाच्या नावाने गोष्ट सांगणे सोपे असते. प्रत्यक्षात मनिलात विष वेगळे करण्याचे जिकिरीचे काम क्रूझ यांनी केले. त्यांना 2006 साली फिलिपाइन्सने राष्ट्रीय वैज्ञानिक हा मान दिला. मेंदूत टोचण्याची कल्पना एका विद्यार्थ्याची, थरथरवणारा रेणू शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलाचा. ऑलिव्हेरा यांचे खरे कौशल्य कदाचित हेच असावे, की अशा लोकांना त्यांनी अडवले नाही. 2022 साली अमेरिकेत विचित्र वाटणाऱ्या पण उपयोगी ठरलेल्या संशोधनाला दिला जाणारा 'गोल्डन गूज' पुरस्कार या चौघांना एकत्र मिळाला, हे योग्यच झाले. गोगलगायी मात्र फिलिपाइन्सच्या समुद्रातल्या होत्या आणि त्या मच्छीमारांच्या जाळ्यात आल्या. जैविक संपत्तीच्या लाभवाटपाचा नागोया करार 2010 चा, त्याहून खूप नंतरचा. रेणू एकदा कारखान्यात बनू लागला की समुद्राची गरजच उरत नाही आणि लाभ मागायला दारही राहत नाही. आपला जैवविविधता कायदा 2002 चा आहे, पण या पेचाचे समाधानकारक उत्तर त्यातही सापडत नाही.

भारताचा संबंध एवढ्यापुरताच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या कोनस जातींचे पेप्टाइड अभ्यासले. कोनस अमादिस या जातीतला, सोडियम वाहिनीवर परिणाम करणारा एक पेप्टाइड 2003 साली या संशोधनातून जगापुढे आला. औषध झाले नाही. ते व्हायलाच हवे होते का, हा प्रश्न आज अधिक तीव्र आहे, कारण अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या 2023 मधल्या आराखड्यात पाच वर्षांच्या 50,000 कोटी रुपयांपैकी 36,000 कोटी सरकारबाहेरून येतील असे गृहीत धरले होते. देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च करत असताना खासगी पैसा आणणे गैर नाही. पण खासगी पैसा बहुधा फळाच्या जवळच्या फांदीलाच पाणी घालतो. 1970 साली मनिलातल्या तरुण प्राध्यापकाला 'यातून पाच वर्षांत कोणते उत्पादन निघेल' असे विचारले असते, तर त्याला काय सांगता आले असते?

याची दुसरी बाजूही निधी समितीसमोर ठेवली पाहिजे. कर्करोगाच्या वेदनेने तळमळणाऱ्या आपल्या बहुतेक रुग्णांना गोगलगायीच्या पेप्टाइडची कमतरता भासत नाही, कमतरता भासते ती तोंडाने घेण्याच्या स्वस्त मॉर्फिनची. अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या अडथळ्यांमुळे ते अनेक वर्षे रुग्णालयांपर्यंत पोहोचतच नव्हते. केरळातल्या उपशामक सेवेच्या कार्यकर्त्यांनी सातत्याने धरलेल्या आग्रहानंतर 2014 साली तो कायदा दुरुस्त झाला. तरीही जिल्हा रुग्णालयांत मॉर्फिन सहज मिळते असे म्हणण्याची स्थिती नाही. वेदनेबाबत आज सर्वांत मोठा फरक पडेल तो एका परवान्याने आणि एका प्रशिक्षित परिचारिकेने, हे कबूल केल्याशिवाय विज्ञानाच्या निधीची बाजू मांडणे अप्रामाणिक होईल. ती बाजू मांडायची असेल तर औषधाचे आमिष दाखवून मांडू नये. ते आमिष दाखवले की वीस वर्षांनी कुणीतरी पंपाचे बिल घेऊन येतो.

आमचा कल ऑलिव्हेरा यांच्या पारड्याकडे आहे, पण झिकोनोटाइडमुळे नाही. निधी समितीने अर्जावर 'अपेक्षित उत्पादन' हा रकाना ठेवावा, हरकत नाही. त्याशेजारी आणखी एक रकाना असावा: हे काम झाले तर इतरांना कोणते प्रयोग करता येतील, जे आज करता येत नाहीत? आणि निर्णय झाल्यावर दहा वर्षांनी दोन्ही रकान्यांचे लेखापरीक्षण व्हावे, फक्त पहिल्याचे नाही. ऑलिव्हेरा यांच्या गटाने 2015 साली कोनस जिओग्राफस माशांना सुस्त करण्यासाठी विषात इन्सुलिन सोडते हे दाखवले. त्या इन्सुलिनच्या रचनेत जे टोक नाही ते मानवी इन्सुलिनला एकमेकांत गुंतवून मंद करते, म्हणून जलद काम करणाऱ्या इन्सुलिनचे आराखडे आता त्यावरून आखले जात आहेत. मधुमेहींच्या आपल्या देशात त्यातले काय पोहोचेल, हे त्या अर्जांवरून आज कुणीही सांगू शकणार नाही. गोगलगायीच्या विषावरच्या मूलभूत संशोधनातून ते निघाले, एवढे मात्र लेखापरीक्षकाला नोंदवता येईल.